जुन्या बंबाची बदली

गेल्या रविवारी फोनवर धाकट्याने विचारलं, "आजी, तुमच्या गावात फायर इंजिन आहे का?" मी "आहे, आता तर दोन नवी आहेत" एवढं म्हणाले आणि तिकडून त्याला आंघोळीचं बोलावणं आलं. उत्तर अर्धवट राहिलं. शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझी हयात गेली आणि अर्धवट उत्तराला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत. म्हणून आज भाजी निवडून झाल्यावर वही घेऊन बसले आहे. जोडाक्षरांना अडलात तर बाबांकडून वाचून घ्या.

आमच्याकडे त्या गाडीला कोणी फायर इंजिन म्हणत नाही. गोंदियाच्या बाजारात दमकल म्हणतात, खेड्यात बंब म्हणतात, आणि तिथे नोकरी करणारे नुसतं 'गाडी' म्हणतात. मला या गाड्यांविषयी जे काही कळलं ते आमच्या भाडेकरणीमुळे.

तुमच्या बाबांची वरची खोली बरीच वर्षं बंद होती. दर पंधरा दिवसांनी झाडायची, खिडक्या उघडायच्या, पुन्हा लावायच्या. शेवटी मी ती भाड्याने द्यायचं ठरवलं. तीन-चार जण पाहून गेले, मग एक मुलगी आली. सत्तावीस-अठ्ठावीसची, सावळी, उंच, केस मानेपर्यंत कापलेले. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट.

"नोकरी कुठे?" मी विचारलं.

"फायरमध्ये."

"ऑफिसात?"

"नाही जी. गाडी चालवते."

मी तिच्याकडे पाहत राहिले, तेव्हा तिने न मागता पिशवीतून लायसन्स काढून दाखवलं. जड वाहनाचं होतं. मी तारीख तपासली, नाव तपासलं आणि परत दिलं. ती हसली. "आरटीओवाल्याने बी इतकं नाही पायलं होतं," म्हणाली. त्या दिवसापासून ती मला आजी म्हणू लागली.

ती आमगावच्या बाजूची. वडिलांची थोडी धानाची शेती आहे. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायची, बाकी दिवस खाकी कपड्यात. ती कॉलेजात असताना त्यांच्या घरचा धानाचा पुंजना जळला होता. पुंजना म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे धान कापलं की लगेच झोडत नाहीत. पेंढ्या बांधून वावरातच त्यांचा घरासारखा उंच ढीग रचतात आणि सवड मिळेल तशी मळणी करतात. सगळ्या वर्षाचं अन्न त्या ढिगात असतं, आणि ते कोरडं गवत. एक ठिणगी पुरते. त्यांचा पुंजना पेटला तेव्हा गोंदियाहून बंब निघाला खरा, पण तो पोचला तेव्हा विझवायला काही उरलं नव्हतं. "बंबवाल्यायनं राखेवर पानी मारलं," ती मला सांगत होती. "आमच्या मायनं त्यायले चहा करून देल्ला. बिचारे लय दुरून आले होते." त्या वर्षी तिने कॉलेज सोडलं नाही, पण पुढे अग्निशमनाचा कोर्स केला आणि मग जड गाडीचं लायसन्स काढलं. आमगावकडे एक बंब असावा, हे ती इतक्या वेळा बोलायची की मला ते पाठ झालं होतं.

ती माझ्याकडे राहायला आली त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या शहराला दोन नवे बंब मिळाले. मी पाहायला गेले होते. लालभडक, आरशासारखे. बाजूला सरकणारी शटरं, आत प्रत्येक वस्तूला तिचा कप्पा. मला ते कप्पे फार आवडले. अग्निशमन केंद्रातल्या मिस्त्रीने चाकांखाली लिंबं ठेवली होती आणि पुढच्या काचेवर झेंडूचा एवढा मोठा हार घातला होता की चालवणाऱ्याला रस्ता दिसला नसता. पंपाच्या पाटीवर मात्र सगळं इंग्रजीत. बटणं, दिवे, इशारे, आणि बरोबर आलेलं पुस्तकही इंग्रजी.

त्या पुस्तकाचा अभ्यास आमच्या जेवणाच्या टेबलावर झाला. ती ड्यूटी संपवून यायची, मोबाइलवर काढलेले पानांचे फोटो दाखवायची आणि मी वाक्य फोडून सांगायचे. मला पंपातलं काही कळत नव्हतं, तिला इंग्रजीतली लांब वाक्यं झेपत नव्हती. पण तीन आठवड्यांत आम्ही दोघींनी ते पुस्तक संपवलं. पंपाच्या पाण्यात हवा शिरली तर काय होतं, हे या वयात मला कळलं. तिने तर पाटीचं चित्र वहीत काढून प्रत्येक बटणाखाली मराठीत लिहून काढलं. तिला वाटत होतं, आणि मलाही, की नव्या गाडीवर तिलाच बसवतील.

मग एका सकाळी केंद्राच्या फळ्यावर यादी लागली. नव्या दोन्ही गाड्या दोन ज्येष्ठ चालकांना. जुना बंब, जो आता शहराला नको होता, तो आमगावला द्यायचा, आणि त्याच्याबरोबर तिची बदली.

तुम्ही म्हणाल, तिला तर हेच हवं होतं ना? मलाही तसंच वाटलं आणि मी तसं म्हणाले. तेव्हा ती चहाचा कप ठेवून म्हणाली, "आजी, तो डब्बा हाय. टाकीतलं पानी संपलं का खलास. तलावातून पानीच उचलत नाही तो. मिस्त्री म्हनते, पंप हवा खाते. आमगावले बंब द्या म्हटलं होतं, भंगार द्या नाही म्हटलं. अन् पुस्तक मी वाचलं आन् गाडी कोन चालवन? ज्यायले उघडाचं बटन ठाऊक नाही ते."

"अर्ज कर," मी म्हणाले.

"तुमीच लिहून द्या ना जी."

इथे मी माझी चूक सांगते. मी शाळेत मुलांना अर्ज लिहायला शिकवत असे तो एका ठरलेल्या पद्धतीने. तीन मुद्दे. पहिला स्वतःच्या योग्यतेचा, दुसरा कार्यालयाच्या सोयीचा, तिसरा लोकांच्या हिताचा. दोन मुद्द्यांचा अर्ज मला लंगडा वाटतो. तिच्या अर्जाचे पहिले दोन मुद्दे सहज झाले. तिच्याकडे परवाना आणि प्रशिक्षण आहे, आणि नव्या यंत्राची इंग्रजी माहिती ती इतर चालकांना मराठीत शिकवू शकते. तिसरा सुचेना. मी पेन खाली ठेवून अंगणात एक फेरी मारली, आणि चहाच्या वेळचं तिचं बोलणं आठवलं. परत येऊन लिहिलं: जुन्या गाडीचा पंप तलावातून पाणी उचलत नाही, अशी गाडी तालुक्याला देणं लोकांच्या जिवाशी खेळणं होईल. वाक्य मला फार चांगलं वाटलं. खाली रेघ मारली.

तिला ड्यूटीवर जायची घाई होती. तिने पायरीवर उभ्याने वरचा अर्धा कागद वाचला, "साजरं लिवलं आजी," म्हणाली, सही केली आणि गेली.

आठवड्याने ती संध्याकाळी आली आणि दारातच म्हणाली, "मॅडम."

मॅडम म्हटल्याबरोबर मी चष्मा काढला.

तिच्या हातात साहेबांचा आदेश होता. साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख, नियमाने चालणारा माणूस. लेखी तक्रार आली म्हणजे ती तपासलीच पाहिजे, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. आदेश असा होता की पुढच्या सोमवारी जुन्या बंबाची तलावावर चाचणी घ्यायची. पंपाने पाणी उचललं तर गाडी आमगावला जाईल. नाही उचललं तर ती निकामी ठरवून लिलावात काढायची. यंदा तालुक्यासाठी दुसरी गाडी नाही. चाचणीला पंप चालवायचा तिने.

"हा तिसरा मुद्दा लिवायले कोनं सांगतलं होतं तुमाले?" तिने विचारलं.

"तूच सांगितलंस. चहा पिताना."

"चहा पिताना मी साहेबाले गाढव बी म्हनते. तेबी लिवाल का?"

मी आदेश पुन्हा एकदा वाचला. मग मला वाटलं, बाजू तिच्या फायद्याची आहे, ती दाखवून द्यावी. मी म्हणाले, "हे बघ, गाडी नापास झाली तर तुझी बदली रद्द. नव्या गाडीसाठी तुझा अर्ज उभा आहे. तुला जे हवं होतं तेच होईल. सोमवारी काही करायचीसुद्धा गरज नाही."

"तेच तर. काही नाही केलं तरी होते," ती म्हणाली. "अन् आमच्या बाजूले काय जाईन मंग? बादली?"

एवढं बोलून ती वर गेली. त्या रात्री तिने माझ्याकडची भाजी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना भेटून तो मुद्दा मागे घेता येईल का ते विचारून आले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "मॅडम, तोंडी असतं तर विसरलो असतो. तुम्ही तर खाली रेघ मारली आहे."

रविवारी तिचे वडील आले. बारीक, शांत गृहस्थ, डोक्याला गमछा. कापडी पिशवीतून त्यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा काढला, माझ्या अंगणात मांडी घालून बसले आणि मला म्हणाले, "मॅडम, कैची भेटन का?"

मी माझी शिवणाची चांगली कात्री दिली. ती पुन्हा कापड कापण्याच्या लायकीची राहिली नाही, पण त्या दिवशी मी काही बोलण्याच्या स्थितीत नव्हते.

तलावातून पाणी ओढायचा जो जाड काळा पाईप असतो, तो तीन तुकड्यांचा असतो. तुकडे जिथे जोडतात तिथे रबराची कडी असते. ती झिजली की सांध्यातून हवा शिरते, आणि हवा शिरली की पंप नुसता घरघरतो, पाणी वर येत नाही. हे पुस्तकात होतं, मीच तिला समजावलं होतं. तिच्या वडिलांनी पुस्तक पाहिलं नव्हतं. ते ट्यूब कापता कापता सांगत होते, "आमच्या बोडीवरच्या मोटरीले बी असंच होते जी. दुकानातलं वायसर महिनाभर नाही पुरत. ट्यूबचं तीन सीजन जाते." बोडी म्हणजे शेताजवळचं छोटं तळं.

"सरकारी गाडीला हे चालेल का?" मी विचारलं.

"पान्याले का समजते सरकारी हाय म्हनून?"

मुलगी शेजारी बसून वहीत मापं पाहून कड्या तपासत होती. ती माझ्याशी अजून मोजकंच बोलत होती. वडील एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहून म्हणाले, "मॅडम, पोरगी म्हनते तुमी लय साजरं लिवलं. इतकं साजरं का गाडीच भंगारात जाऊन रायली."

ती खुदकन हसली. मीही हसले. संध्याकाळी तिने भाजी घेतली आणि भरीत आणखी मागून नेलं.

सोमवारी मी छत्री घेतली, ऑटो केली आणि तलावावर गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं. चाचणीचा तलाव शहराच्या बाहेर आहे. त्या दिवसांत तिथे शिंगाड्याचा हंगाम असतो. पाण्यावर वेली अंथरलेल्या, मासेमारी करणाऱ्या ढिवर बाया काठावर बसून शिंगाडे निवडत होत्या. तुम्ही शिंगाडे खाल्लेले नाहीत. उकडले की चेस्टनटसारखे लागतात, तुमच्या बाजारात ते मिळतात असं तुमची आई म्हणत होती.

साहेब हातात कागद आणि घड्याळ घेऊन उभे होते. मिस्त्री बंबाला टेकून तंबाखू मळत होता. हा मिस्त्री हिंदी बोलणारा, त्याच गाडीवर म्हातारा झालेला. मुलीने त्याला नव्या कड्या दाखवल्या. साहेबांनाही दाखवल्या आणि सरळ सांगितलं, "साहेब, ट्यूबच्या हायेत. घरी कापल्या."

साहेब म्हणाले, "मी पाण्याची चाचणी घ्यायला आलो आहे. रबर कुठून आणलं ते कागदात विचारलेलं नाही."

तिने पाईपचे तीन तुकडे जोडले, पान्याने आवळले, टोकाला लोखंडी जाळी लावली आणि पाईप पाण्यात सोडला. पंप सुरू झाला. घड्याळाचा काटा हलला, म्हणजे पंपावरच्या घड्याळाचा. हवा ओढली जात होती. मिस्त्री तंबाखू विसरून पाहत होता. पाईप जरासा ताठ झाला, होसच्या, म्हणजे पाणी मारायच्या नळीच्या, तोंडातून एक पिचकारी आली, भुऱ्या रंगाची, आणि थांबली. पंप घरघरू लागला.

"गया," मिस्त्री म्हणाला. "छोड दे बेटी, इसका टाइम हो गया."

साहेबांनी कागदावर पेन टेकवलं. मी छत्रीची मूठ घट्ट धरून उभी होते. तिला तिथेच थांबता आलं असतं. प्रामाणिकपणे एक प्रयत्न झाला होता, तो फसला होता, आणि नवी गाडी केंद्रात तिची वाट पाहत होती.

"साहेब, पाच मिनिटं," ती म्हणाली आणि बुटासकट पाण्यात उतरली.

पाईपच्या टोकाची जाळी तिने वर काढली. ती शिंगाड्याच्या वेलीने आणि चिखलाने गच्च भरली होती. सांधे नीट होते, तोंडच बुजलं होतं. तिने वेल ओरबाडून फेकली, पण पुन्हा सोडलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं. ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून इकडेतिकडे पाहू लागली. मग काठावरच्या एका बाईला म्हणाली, "मावशी, टोपली दे वो तुझी."

"कायले?"

"दे ना, सांगते मंग."

"शिंगाडे कायच्यात ठेवू मी? तुह्या टोपीत?"

"साहेबाच्या टोपीत ठेव. पन दे लवकर."

बाई पुटपुटत उठली, शिंगाडे लुगड्याच्या ओच्यात ओतले आणि टोपली फेकली. बांबूची, विरळ विणीची, पाणी निथळावं म्हणून केलेली. मुलीने जाळी तिच्यात बसवली, दोरीने पाईपला आवळून बांधली आणि दोर ओढून टोक वर धरलं, तळाला टेकू दिलं नाही. गावाकडे बोडीवर मोटर लावताना सगळे असंच करतात, हे मला नंतर तिच्या वडिलांनी सांगितलं. पुस्तकात ते कुठेच नव्हतं.

मिस्त्रीने दुसऱ्यांदा पंप लावला तो तिच्या इशाऱ्यावर. काटा खाली गेला आणि तिथेच राहिला. पाईप ताठ झाला. होस आधी फुगला, मग उडाला, आणि पाणी एवढ्या उंच गेलं की पलीकडच्या काठावरचे बगळे उठले. खाली पडताना ते आमच्या सगळ्यांच्या अंगावर पडलं. माझी छत्री बंद होती.

"वा रे मेरी बुढ़िया!" मिस्त्री ओरडला. मी दचकून पाहिलं. तो बंबाच्या दारावर थाप मारत होता.

"माही टोपली वापस देजो वो!" मावशी ओरडत होती. "अन् नवी लागन, ही फाटली!"

साहेबांनी पूर्ण दहा मिनिटं पाणी चालवून पाहिलं, मग कागदावर लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी मुलीला बोलावलं. ती चिखलात बुडालेली, दातांवर दात आपटत होते. ते म्हणाले, "गाडी पास. आता तुझं. अर्जातले पहिले दोन मुद्दे मला पटले आहेत. तुला नव्या गाडीवर ठेवतो. ही गाडी दुसरा कोणी घेऊन जाईल."

 तिने बंबाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. पलीकडे नव्याने कापलेल्या धानाच्या बांध्या होत्या आणि त्यांत चार-पाच पुंजने रचलेले.

"दुसऱ्याले टोपली बांधता येते का?" तिने विचारलं.

"शिकेल."

"कवा? पुंजना पेटल्यावर?"

साहेब हसले नाहीत. तिने एक बूट काढून त्यातलं पाणी ओतून टाकलं. मग म्हणाली, "मी जाते साहेब. तिकडच्या दोन पोरायले शिकवते, मंग वापस येते. पन वापस घ्याल हे लिहून द्या. मले नवी गाडी पायजेच हाय. मी पुस्तक वाचलं."

"लिहून?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच मसुदा करा मॅडम. मुद्दे मात्र जेवढे आहेत तेवढेच असू द्या."

मी मसुदा केला. दोन ओळींचा झाला. साहेबांनी त्यावर सही केली. त्या कागदाची एक प्रत माझ्या कपाटात आहे.

पुढच्या गुरुवारी ती जुना बंब घेऊन निघाली. केंद्रातून निघून आधी इथे कुडव्याला, आपल्या घरी आली, कारण पेटी न्यायची होती. आमची गल्ली अरुंद, बंब वळेना. मागे-पुढे, मागे-पुढे करताना सगळी गल्ली बाहेर आली. समोरची काकू म्हणाली, "इतकी मोठी गाडी चालवते, हिच्यासंग लगन कोन करन बाप्पा?" खिडकीतून उत्तर आलं, "ज्याले वापस गाडी घेता येते तो! सांगा त्याले, आधी हे वळवून दाव म्हना!" मग तिनेच ती वळवली. टोपली मागच्या शिडीला बांधलेली होती. नवी. मावशीलाही तिने एक नवी दिली होती.

हे झालं त्याला आता वर्ष होऊन गेलं. पुढची हकिकत तुम्ही विचाराल म्हणून सांगते. दोन मुलांना शिकवून ती उन्हाळ्यात परत येणार होती. त्यांतला एक शिकला आणि दुसरीकडे नोकरी लागून निघून गेला. दुसरा शिकतो आहे. साहेबांनी आपला शब्द पाळला, नव्या गाडीवर तिची जागा धरून ठेवली आहे. तीच येत नाही. वरची खोली मी दुसऱ्या कोणाला दिलेली नाही.

गेल्या महिन्यात मी आमगावला गेले होते. पॅसेंजरने गेले, डबा बरोबर घेतला. तिने सांगितलेल्या बोडीवर पोचले तर ती काठावर उभी होती आणि तिचा शिष्य पाण्यात. ती त्याला टोपली बांधायला लावत होती, सोडायला लावत होती, पुन्हा बांधायला लावत होती. मला पाहून तिने हात केला आणि झाडाखाली बसा अशी खूण केली. मी बसले. माझ्याही वर्गात कोणी पाहुणा आला तर मी शिकवणं थांबवत नसे.

मी डबा उघडते तोच तिचा फोन वाजला. ती दोन शब्द बोलली आणि धावली. शिष्य ओल्या कपड्यांनीच गाडीत चढला. सायरन वाजला आणि मिनिटभरात बंब डांबरी रस्त्याला लागून दिसेनासा झाला. मी भाकरी हातात घेऊन बसले होते. जेवण गेलं नाही. दूर धूर दिसतो का ते पाहत राहिले, आणि कुठला धूर चुलीचा, कुठला कशाचा, मला कळेना.

तासाभराने ते परत आले. तिच्या कपाळाला काजळी लागली होती. मी उभी राहिले.

"काही नाही जी," ती म्हणाली. "एकानं बांधावर तनस जाळलं होतं, हवा सुटली. बाजूलेच पुंजना. एका आंगानं पेटला होता जराक. बाकी वाचला."

"कोणाचा?"

"का मालूम. एक बुढी होती. आमाले चहा करून रायली होती, म्हटलं नको, टाकी भराची हाय."

शिष्य पाईप ओढत होता. ती त्याच्याकडे पाहत माझ्या डब्यातली भाकरी उभ्यानेच खाऊ लागली. मी विचारलं, साहेबांना आठवण द्यायची का, मी लिहू का. केंद्रात नव्या गाडीचे चालक अजूनही कुठलं बटण कशाचं ते विचारायला तिलाच फोन करतात, हे मला ठाऊक होतं.

तिने घास गिळला. "एवढं धान घरात जाऊ द्या आजी. मंग लिवा." आणि मग पाण्याकडे वळून ओरडली, "अबे, टेकवू नको खाली! वर धर, वर!"